नेमाची वाट

संकल्प करण्याची हौस आपल्या समाजात अमाप आहे आणि त्यासाठी मुहूर्तांचीही वाण नाही. गुढीपाडवा आहे, दसरा आहे, विद्यार्थ्यांच्या दृष्टीने जून महिन्यातला शाळेचा पहिला दिवस आहे आणि इंग्रजी नववर्षाची रोजनिशी तर घरोघर येते. या रोजनिशीची जानेवारीतली पंधरा-वीस पाने भरलेली आणि पुढची सारी कोरी, हा अनुभव कारकुनाला आहे, शिक्षकाला आहे आणि विद्यार्थ्याला तर आहेच आहे. या अपयशाचे खापर आपण आपल्या इच्छाशक्तीवर फोडतो आणि पुढील मुहूर्ताची वाट पाहत बसतो. वस्तुत: दोष पुष्कळदा इच्छाशक्तीचा नसून संकल्पाच्या आकाराचा असतो. उत्साहाच्या दिवशी जेवढे ओझे पेलेल असे वाटते, तेवढे आपण वर्षातल्या प्रत्येक दिवसाच्या डोक्यावर ठेवतो. सामान्य दिवस ते पेलू शकत नाही.

या दृष्टीने आपल्याकडचेच एक चरित्र नव्याने वाचण्यासारखे आहे. धोंडो केशव कर्वे यांचे नाव महाराष्ट्राला अपरिचित नाही. विधवांचा आश्रम, महिला विद्यापीठ, भारतरत्न आणि एकशे चार वर्षांचे आयुष्य एवढा तपशील शाळकरी मुलेही सांगतील. परंतु एखाद्याला महर्षी म्हटले की त्याची तपश्चर्या आली, आणि तपश्चर्या म्हटली की ती आपल्यासारख्यांच्या आवाक्याबाहेरची, असे ठरवून आपण मोकळे होतो. कर्व्यांच्या बाबतीत ही पळवाट विशेष गैरलागू आहे. ज्या पुण्यात त्यांनी आपले आयुष्य वेचले, त्या पुण्यात त्या काळी टिळक होते, आगरकर होते, गोखले होते. लेखणीचे, वाणीचे आणि बुद्धीचे असे वैभव ज्या शहरात नांदत होते, तेथे कर्वे हे एक भिडस्त गणिताचे प्राध्यापक होते. सभा जिंकणारे वक्तृत्व त्यांच्याजवळ नव्हते. वादात प्रतिपक्षाला निरुत्तर करणारी लेखणीही नव्हती. आपल्या या उणिवा त्यांनी १९१५ साली प्रसिद्ध केलेल्या ‘आत्मवृत्ता’त आडपडदा न ठेवता सांगितल्या आहेत. त्यांच्याजवळ जे होते त्याला जुन्या मराठीत नेम म्हणतात.

नेम हा शब्द आपल्या घरांतून आलेला आहे. चातुर्मास आला की आजी-आत्या काही तरी नेम धरीत. तो कधीच मोठा नसे. दारापुढे रोज रांगोळीची चार बोटे ओढायची, एखादा पदार्थ वर्ज्य करायचा, देवापुढे एक वात जास्त लावायची, एवढेच. तो लहान असे म्हणूनच तापाच्या दिवशीही पार पडे. कर्व्यांनी हेच केले. फरक एवढाच की त्यांचा चातुर्मास कधी संपला नाही, आणि त्यांच्या नेमाचे पुण्य त्यांच्या एकट्याच्या खात्यावर जमा होत नव्हते.

कर्व्यांचा जन्म १८ एप्रिल १८५८ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील शेरवली या आजोळच्या गावी झाला. बालपण दापोलीजवळच्या मुरूड येथे गेले. पूर्वजांची श्रीमंती ओसरलेली होती आणि वडिलांच्या तुटपुंज्या मिळकतीवर संसार चालला होता. गावात सोमण गुरुजी नावाचे एक शिक्षक होते. गावाच्या भल्यासाठी काही तरी करीत राहावे, ही ओढ मुलांच्या मनात उत्पन्न करणारा हा माणूस. अशा शिक्षकांची नोंद इतिहासात ठेवली जात नाही. ठेवली गेली तर ती विद्यार्थ्याच्या चरित्रात एखाद्या परिच्छेदापुरती. धोंडूला सार्वजनिक कामाची गोडी लागली ती या गुरुजींमुळे, आणि कामही साधेच होते. गावकऱ्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवण्याचे.

१८७५ साली सहावीच्या सरकारी परीक्षेसाठी हा मुलगा मुरूडहून साताऱ्याला पायी गेला. पावसापाण्याचे दिवस, मध्ये सह्याद्रीचा घाट, अंतर शंभर मैलांहून अधिक. सोबत्यांबरोबर मजल-दरमजल करीत चार दिवसांत तो साताऱ्यास पोचला. परीक्षेला बसण्यासाठी वयाची सतरा वर्षे पूर्ण असावी लागत. ती पूर्ण होती, परंतु मुलगा अंगाने किरकोळ आणि चेहऱ्याने लहान. तो सतरा वर्षांचा दिसत नाही, एवढ्या कारणावरून त्याला परत पाठवण्यात आले.

ही हकीकत आपल्या पाठ्यपुस्तकांतून जिद्दीची गोष्ट म्हणून सांगितली जाते. तसे सांगण्यात चूक नाही. परंतु मला त्या चार दिवसांच्या पायपिटीपेक्षा पुढची सहा वर्षे अधिक बोलकी वाटतात. पायपीट ही उत्साहाच्या भरातही होऊ शकते. तरुण मुले गडावर धावत चढतात. परत पाठवले गेल्यावर मुरूडला येऊन पुन्हा पुस्तक उघडणे, यात उत्साहाचा अंश नसतो. कर्वे मॅट्रिक झाले ते १८८१ साली, वयाच्या तेविसाव्या वर्षी. तोवर त्यांचा विवाह होऊन आठ वर्षे लोटली होती. बी. ए. झाले १८८४ साली, मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातून, गणित घेऊन. समवयस्कांच्या मानाने ते मागे पडलेले होते. मागे पडलेल्या माणसापुढे दोन मार्ग असतात. एक, चार पायऱ्या एकदम चढून गाठण्याचा प्रयत्न करणे. दुसरा, इतर कोठवर गेले याचा हिशेब सोडून आपली रोजची पायरी चढत राहणे. कर्व्यांनी दुसरा पत्करला.

पदवीनंतर ते मुंबईतच राहिले. शाळांतून शिकवावे, खाजगी शिकवण्या कराव्या, एका घरून दुसऱ्या घरी चालत जावे, असा त्यांचा दिवस पहाटेपासून भरलेला असे. पत्नी राधाबाई त्या ओढगस्तीच्या संसारात गरीब विद्यार्थ्यांनाही सामावून घेत. याच काळात मिळकतीतला एक ठराविक लहानसा भाग परोपकारासाठी बाजूला काढण्याचा परिपाठ कर्व्यांनी सुरू केला, आणि नोकरीधंद्यानिमित्त बाहेर पडलेल्या मुरूडकरांच्या छोट्या वर्गण्यांतून ‘मुरूड फंड’ उभा राहिला. मध्यमवर्गीय माणसाची दानाची कल्पना अशी असते की आधी आपले भागू द्यावे, मग उरले तर द्यावे. उरत मात्र कधीच नाही. पगार वाढला तरी उरत नाही, कारण गरजाही बढतीवर असतात. भाग जर इतका अल्प ठेवला की कोणत्याही महिन्याला त्याविरुद्ध तक्रार करता येऊ नये, तर तो निघतो. त्या रकमेने गावाचे काय झाले याहून, देणे हा दर महिन्याच्या खर्चाचाच एक भाग झाला, ही गोष्ट कर्व्यांच्या पुढच्या आयुष्याला अधिक उपयोगी पडली. दहा-बारा वर्षांनी लोकांपुढे हात पसरण्याची पाळी आली तेव्हा आपण स्वत: देत आलो आहोत, हे त्यांना ठाऊक होते.

१८९१ हे वर्ष त्यांच्या आयुष्यात वळणाचे ठरले. टिळक डेक्कन एज्युकेशन सोसायटीतून बाहेर पडले होते आणि फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवायला माणूस हवा होता. गोखल्यांनी कर्व्यांना बोलावले. त्याच वर्षी राधाबाई वारल्या. दोन वर्षांनी, ११ मार्च १८९३ रोजी, कर्व्यांनी मित्राच्या विधवा बहिणीशी, गोदूबाईंशी विवाह केला. पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकलेल्या या बाई पुढे आनंदीबाई किंवा नुसत्या बाया म्हणून ओळखल्या गेल्या. मुरूडने या जोडप्यावर बहिष्कार घातला. ज्या गावासाठी फंड उभारला त्या गावात आईला मुलाबरोबर एका पंक्तीला बसता येईना.

अशा प्रसंगी माणूस एक तर चवताळतो किंवा खचतो. कर्व्यांनी तिसरीच गोष्ट केली, आणि ती त्यांच्या काळात व नंतरही वादग्रस्त ठरली. विधवाविवाहाचा पुरस्कार करणारी मंडळी त्यांनी १८९३ मध्येच स्थापन केली होती. परंतु विवाहाची गोष्ट काढली की समाज दार लावून घेतो, आणि शिक्षणाची गोष्ट काढली तर ते निदान किलकिले ठेवतो, हे त्यांच्या ध्यानात आले. तेव्हा त्यांनी विवाहाचा आग्रह मागे ठेवला आणि १८९६ साली अनाथ बालिकाश्रम काढला. त्यासाठी पहिले एक हजार रुपये स्वत:च्या शिलकीतून घातले. विधवांनी शिकावे, आपल्या पायांवर उभे राहावे, पुढचे त्यांनी ठरवावे. सुधारकांतील तडफदार मंडळींना ही माघार वाटली. ती माघार होती काय? स्वत: आधी पुनर्विवाह करून, त्याचे सारे चटके सोसून मग ज्याने हे केले, त्याला भित्रा म्हणणे मला शक्य नाही. माणूस जसा एका दिवसात बदलत नाही तसा समाजही बदलत नाही, आणि दोघांनाही उचलता येईल एवढेच पाऊल पुढे ठेवायला सांगावे, हा त्यांचा हिशेब होता. मात्र त्या हिशेबाला दुसरी बाजू आहे. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढली तेव्हा समाजाला झेपेल किती, हा प्रश्न त्यांनी आधी विचारला नव्हता. कर्व्यांचा आश्रम प्रारंभी उच्चवर्णीय विधवांपुरता राहिला. जे सावकाश चालतात त्यांची वाट पाहत कोणीतरी मागे ताटकळत असते, हे विसरता येत नाही.

प्लेगच्या धामधुमीनंतर आश्रम पुण्याबाहेर नेण्याचे ठरले. रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी हिंगणे येथे सहा एकर जमीन दिली. सुमारे पाचशे रुपये खर्चून तेथे झोपडी उभी राहिली आणि १९०० साली मूठभर विधवा तेथे राहावयास गेल्या. रस्ता धड नाही, आजूबाजूला वस्ती नाही, रात्री दिव्याचा काय तो आधार. कर्वे दिवसा फर्ग्युसनमध्ये गणित शिकवीत. कॉलेज सुटले की आश्रमाला लागणारे सामानसुमान घेऊन पायी हिंगण्याला निघत. अंतर चार मैलांचे. संध्याकाळी तेथील मुलींना शिकवीत, रात्री तेथेच राहत आणि सकाळी पुन्हा चालत पुण्याला येऊन तासावर उभे राहत. हा क्रम एखाद्या आठवड्याचा नव्हता, तो दीर्घकाळ चालला.

कर्वे गणिताचे प्राध्यापक होते म्हणून थोडे गणित करू. जाऊन-येऊन आठ मैल रोजचे धरले तर वर्षाचे जवळजवळ तीन हजार मैल होतात. तीन हजार मैल चालण्याचा संकल्प पाडव्याला कोणी सोडला तर त्याचे मित्र त्याला वैद्याकडे नेतील. परंतु कर्व्यांनी तीन हजार मैल चालायचे असे कधी ठरवलेच नव्हते. त्यांनी संध्याकाळी हिंगण्याला जायचे ठरवले होते, कारण तेथे पीठमीठ पोचायला हवे होते आणि धडा घ्यायचा होता. नेम टिकतो तो पुष्कळदा या कारणाने. ज्या नेमाच्या दुसऱ्या टोकाला कोणीतरी वाट पाहत असते, तो मोडणे जड जाते. केवळ स्वत:च्या उन्नतीसाठी धरलेला नेम मोडला तर जाब विचारणारेही आपणच आणि क्षमा करणारेही आपणच. तेथे क्षमा फार लवकर होते.

सवयीचा शास्त्रीय विचार पाश्चात्त्य मानसशास्त्रज्ञांनी पुष्कळ केला आहे. विल्यम जेम्स यांनी १८९० साली, म्हणजे कर्वे पुण्याला येण्याच्या आदल्याच वर्षी, आपल्या ग्रंथात सवयीवर स्वतंत्र प्रकरण लिहिले. नव्या सवयीचा आरंभ शक्य तितक्या जोरकसपणे करावा आणि ती रुजेपर्यंत एकही अपवाद होऊ देऊ नये, असा त्यांचा सल्ला होता. अलीकडचे संशोधन या बाबतीत थोडे दयाळू झाले आहे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील संशोधकांनी ९६ जणांच्या रोजच्या लहान सवयींचा अभ्यास करून तो २०१० साली प्रसिद्ध केला. एखादी कृती अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागतात असे त्यात आढळले. परंतु ही सरासरी फसवी आहे, कारण कोणाला १८ दिवस पुरतात तर कोणाला २५० हून अधिक लागतील असा त्यांचा अंदाज आहे. मधला एखादा दिवस चुकला तरी फारसे बिघडत नाही, हेही त्यात दिसून आले. साताऱ्याहून हात हलवीत परतलेल्या मुलाला हे सांगण्याची गरज नव्हती. एकवीस दिवसांत आयुष्य पालटण्याचे वायदे करणाऱ्या पुस्तकांच्या गिऱ्हाइकांना ते सांगण्याची गरज आहे.

सुट्ट्या लागल्या की कर्वे वर्गणीसाठी गावोगाव फिरत. मोठ्या देणगीची वाट पाहत बसायचे नाही, मिळेल ती लहान रक्कम घ्यायची, तिचा हिशेब चोख ठेवायचा, असा त्यांचा शिरस्ता होता. ज्याने चार आणे दिले त्यालाही आश्रम आपला वाटू लागे.

आणि येथेच या नेमनिष्ठ आयुष्याची दुसरी बाजू सांगितली पाहिजे, कारण ती सांगितल्याशिवाय केलेला गौरव अपुरा आहे. नेम कर्व्यांचा होता, परंतु त्याची किंमत एकट्या कर्व्यांनी मोजली नाही. विम्याची पॉलिसी त्यांनी आश्रमाला देऊन टाकली तेव्हा घरात पत्नी होती, मुले होती. बायांनी घर चालवले, काटकसर केली, सुईणीचे काम शिकून घेतले. शिवाय ज्या विधवांसाठी आश्रम होता त्यांच्यात बायांनी वावरणे अडचणीचे मानले जाई, कारण त्या पुनर्विवाहित होत्या आणि सनातनी वर्गणीदारांची मर्जी सांभाळायची होती. ज्या विवाहाने कर्व्यांनी समाजाला आव्हान दिले, त्याच विवाहातील पत्नीला त्यांच्या कार्याच्या दारापासून दूर राहावे लागावे, हा मोठाच दैवदुर्विलास होय. बायांनी ‘माझे पुराण’ या आत्मकथनात आपली बाजू मांडली आहे. कर्व्यांचे ‘आत्मवृत्त’ वाचणाऱ्याने तेही वाचावे. शिस्तीचा माणूस दुरून फार मोहक दिसतो. त्याच्या घरात राहणाऱ्यांना त्या शिस्तीच्या कडा लागतात. आपण नवा नेम धरताना घरातल्या कोणाच्या विश्रांतीतून त्याचा वेळ काढतो आहोत, हा प्रश्न विचारणारे पुरुष आजही थोडेच आढळतील.

एकट्याचा नेम एकट्याबरोबर संपतो, हे कर्व्यांनी लवकर ओळखले असावे. १९०७ साली महिला विद्यालय निघाले आणि १९०८ साली निष्काम कर्ममठ. या मठाची कल्पना अशी होती की संस्थांच्या कामाला वाहून घेणाऱ्या माणसांनी शपथ घ्यावी आणि रोजचे काम निरपेक्ष बुद्धीने करावे. बायांच्या भगिनी पार्वतीबाई आठवले यांच्यासारख्या कार्यकर्त्या या कामात उभ्या राहिल्या. स्वत: विधवा असलेल्या, मोठ्या वयात शिकायला बसलेल्या या बाईंनी आश्रमासाठी दूरदूर हिंडून पैसा गोळा केला. त्यांचे चरित्र हा वेगळ्या लेखाचा विषय आहे.

पुढचा भाग सर्वश्रुत आहे, तो थोडक्यात सांगतो. १९१४ साली कर्वे फर्ग्युसनमधून निवृत्त झाले. जपानमधील महिला विद्यापीठाची माहिती देणारी एक पुस्तिका त्यांच्या वाचनात आली होती. तिच्यापासून स्फूर्ती घेऊन १९१६ साली त्यांनी महिला विद्यापीठ काढले. पहिल्या वर्गात बोटांवर मोजण्याइतक्या विद्यार्थिनी होत्या. १९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी पंधरा लक्ष रुपयांची देणगी दिली आणि विद्यापीठाला त्यांच्या मातोश्री नाथीबाईंचे नाव मिळाले. पंधरा लक्षांचा हा आकडा लोकांच्या लक्षात राहतो. त्यामागे चोवीस वर्षे गोळा केलेल्या आण्या-पैशांच्या पावत्या होत्या, त्या राहत नाहीत. एवढी रक्कम सोपवताना देणारा आधी घेणाऱ्याच्या वह्या पाहतो.

१९२९ साली, वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी, कर्वे परदेशी निघाले. युरोप, अमेरिका, जपान आणि नंतर आफ्रिका असा हा प्रवास १९३२ पर्यंत चालला. जन्मभर सभेत बोलताना संकोचणारा माणूस परक्या देशांतून, परक्या भाषेत, आपल्या विद्यापीठाची माहिती देत हिंडला. संकोच गेला होता काय? बहुधा नसावा. त्याच्यासकट काम करण्याची सवय मात्र झाली होती.

परत आल्यावर विश्रांती घ्यावी असे कोणीही म्हटले असते. विद्यापीठ स्थिरावले होते, मुले कर्तीसवरती होती. ज्येष्ठ पुत्र रघुनाथराव संततिनियमनाच्या प्रचारापायी प्राध्यापकाची नोकरी गमावून ‘समाजस्वास्थ्य’ चालवीत होते. वडिलांचा चिवटपणा त्यांच्यात होता, मवाळपणा नव्हता. १९३६ साली अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या कर्व्यांनी महाराष्ट्र ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ स्थापन केले. ज्या खेड्यांत शाळा नाही तेथे शाळा काढायची, यासाठी ते पुण्याच्या रस्त्यांवरून पायी फिरून पुन्हा किरकोळ वर्गण्या मागू लागले. तुटपुंज्या पेन्शनमधला आपला वाटा त्यांनी आधी बाजूला काढला. मुंबईत शिकवण्या करणाऱ्या तरुणाने धरलेला परिपाठ पन्नास वर्षांनीही सुटला नव्हता. या मंडळाच्या प्रयत्नांतून खेड्यांत काही डझन शाळा उभ्या राहिल्या. १९४४ मध्ये, शहाऐंशीव्या वर्षी, त्यांनी समता संघ काढला. आश्रमाच्या आरंभी जो जातीचा प्रश्न त्यांनी मागे ठेवला होता, तो आता त्यांनी हाती घेतला. फार उशीर झाला होता असे म्हणता येईल, आणि ते खोटे ठरणार नाही. पण त्या वयात जुने देणे आठवून ते फेडायला निघणारी माणसे कितीशी असतात?

१९५० साली बाया गेल्या. १९५८ मध्ये कर्व्यांची शंभरी भरली, त्याच वर्षी त्यांना भारतरत्न मिळाले आणि १८ एप्रिलला त्यांच्या चित्राचे टपाल तिकीट निघाले. हयात भारतीय व्यक्तीचे चित्र तिकिटावर छापले जाण्याचा हा पहिलाच प्रसंग होता. ९ नोव्हेंबर १९६२ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. हिंगण्याचा तो ओसाड माळ आता शहराच्या पोटात गेला आहे आणि त्या भागाला कर्वेनगर म्हणतात. सकाळी सातच्या सुमारास तेथील बसथांब्यावर दप्तरे पाठीला लावलेल्या मुलींची गर्दी असते. डेक्कनपासून तेथवर यायला बसला वीस-पंचवीस मिनिटे लागतात, रस्त्यात वाहने तुंबली तर अधिक.